गाडी लागणारं पोरगं आणि शंभर किलोमीटरचा गोल

मागच्या दिवाळीत आम्ही शहाणपणा केला आणि लेकरांना घेऊन महाबळेश्वरला गेलो. पहाटे पाचला सोलापुरातनं निघालो, हॉटेलच्या दारात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेलेले, मोठ्याने (वय वर्षे सहा) एकट्या पसरणी घाटात तीनदा उलटी केली, धाकटी (अडीच) वाईपासून जे रडायला लागली ते रूमची चावी हातात पडेपर्यंत. आणि हॉटेलवाल्यानं काउंटरवर मोठ्याचं वय विचारून त्याच्या नावानं एक्स्ट्रा बेडचे पैसे लावले, बेड म्हणजे काय तर जमिनीवर टाकलेली गादी, तीही उशीशिवाय. तीन दिवसांचे तेवीस हजार झाले. घरी आल्यावर मोठ्याला विचारलं, काय आवडलं रे तुला सगळ्यात जास्त? तर म्हणतो, लिफ्ट.

त्या रात्री नवरा आणि मी बराच वेळ हसलो, मग बराच वेळ गप्प बसलो, कारण तेवीस हजार हसण्यावारी न्यायची रक्कम नाही आमच्यासाठी.

मग मी घरातला जुना शाळेचा नकाशा काढला, सोलापूर मधोमध येईल अशी हातातली बांगडी त्यावर ठेवली आणि पेन्सिलीनं गोल मारला. साधारण शंभर किलोमीटर भरत होतं. आता लेकरं मोठी होईपर्यंत या बांगडीच्या बाहेर जायचं नाही, असं ठरलं. आत काय काय आलं बघा की, अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग, नान्नज, पंढरपूर, मंगळवेढा, बार्शी, परांडा, आणि खाली कडेला विजापूर (पाटीवर आता विजयपुरा लिहितात, आमच्या तोंडात विजापूरच). यातल्या निम्म्या ठिकाणी मी जन्म सोलापुरात काढून कधी गेलेच नव्हते, आणि तुळजापूर-अक्कलकोट सोडलं तर नवऱ्याचीही तीच गत.

आमची गाडी म्हणजे सेकंडहँड वॅगनआर, हायवेला सोळा-सतराचं अ‍ॅव्हरेज देते. नळदुर्ग जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरलं तर सहा लिटर, म्हणजे साडेसहाशेच्या आत. विजापूर त्याच्या दुप्पट. राहायचं नाही म्हणल्यावर हॉटेलचा खर्च नाही, आणि खरा पैसा तिथंच जातो हो, पेट्रोलला उगीच नावं ठेवतो आपण. टोलचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं, नॅशनल हायवेच्या टोलवर चोवीस तासांच्या आत परत आलं तर येतानाचा पूर्ण टोल लागत नाही, दोन्ही मिळून दीडपट होतो, आणि फास्टॅगमधनं तसाच कापला जातो. त्यामुळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत हे खिशालाही बरं पडतं. फास्टॅगचा वार्षिक पास निघाला ना २०२५ च्या ऑगस्टमध्ये, तेव्हा तीन हजारांचा, दोनशे फेऱ्यांचा, तो आम्ही हिशोब करून सोडून दिला. महिन्यातनं एकदा जाणाऱ्याला तो फिटत नाही, माझ्या नणंदेला फिटतो कारण ती दर पंधरा दिवसाला पुण्याला जाते.

एका गोष्टीवर मात्र खर्च केला, ती म्हणजे चाइल्ड सीट. मामेबहिणीची वापरलेली, अडीच हजारात. आधी धाकटी कायम माझ्या मांडीवर असायची, सगळेच तसं करतात. एकदा तुळजापूर रोडला कुत्रं आडवं आलं, नवऱ्यानं ब्रेक मारला, आणि ती माझ्या हातातनं निसटून समोरच्या सीटवर आपटली. टेंगूळ आलं, तेवढ्यावर भागलं, पण मला दोन रात्री झोप नाही. कायदा पण आहेच, चौदा वर्षांखालच्या लेकराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, लेकराला बांधून कशाला ठेवताय गं गुरासारखं. आता त्याच बेल्टचं बक्कल लागलं का बघतात.

आता उलट्यांचं. आमच्या मोठ्याला गाडी लागते, नेहमी लागते, एसटीत तर स्टँडच्या बाहेर पडायच्या आत. आम्ही काय करायचो, तो गप्प बसावा म्हणून हातात मोबाइल द्यायचो. नंतर लेकरांच्या डॉक्टरांनी समजावलं, कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो त्याला गाडी हलतेय हे कळत असतं, आणि डोळे स्क्रीनवर खिळलेले, डोळे म्हणतात काही हलत नाही, या दोघांचं भांडण झालं की पोटात ढवळतं. म्हणजे आम्हीच पैसे भरून रिचार्ज मारून पोराला उलटी करवत होतो! मोबाइल बंद केला. निघताना दूध बंद, त्याऐवजी कोरडं काहीतरी, चुरमुरे नाहीतर कडक भाकरीचा तुकडा. खिडकी दोन बोटं उघडी. तरी डिकीत जुने टॉवेल चार आणि प्लास्टिकच्या पिशव्या असतातच, इतका विश्वास अजून बसलेला नाही.

कडक भाकरीबद्दल सोलापूरच्या बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. ज्वारीची, पातळ, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर काही होत नाही तिला. आम्ही मोठी माणसं त्यावर शेंगाचटणी आणि दही घालून खातो, मोठा नुसतं दही लावून खातो, आणि धाकटी तर बिस्किटासारखा तुकडा हातात धरून अर्धा तास चघळत बसते. अर्ध्या तासाची शांतता, चार रुपयात. सीटच्या फटीत भाकरीचा चुरा साठतो तो वेगळा, मागच्या महिन्यात गाडी धुवायला दिली तर धुणारा पोरगा म्हणाला, ताई कोंबड्या पाळता काय गाडीत. सोबत धपाटी, केळी, शेंगदाण्याचे लाडू, आणि घरचं पाणी दहा लिटरच्या कॅनमध्ये. हायवेच्या ढाब्यावर फक्त चहा प्यायला थांबतो, कारण लेकरांसाठी बिनतिखट सांगितलं तरी दालखिचडीत मिरची येतेच, मग त्यांना हॉ हॉ होतं आणि शंभर रुपयाचं आइस्क्रीम घ्यावं लागतं.

आता ठिकाणं. सगळी सांगत बसत नाही, जी जमली ती सांगते.

हत्तरसंग कुडल हे मला सगळ्यात आवडलं आणि तिथं सोलापूरचीच माणसं कमी जातात. मंद्रूपवरनं पुढं, चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. हरिहरेश्वराच्या देवळात एक शिवलिंग आहे, त्याच्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मोठा मोजायला बसला, बावीसपर्यंत गेला, धाकटीनं मध्येच हात घातला, परत एकपासून. शेजारच्या संगमेश्वराच्या देवळात मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. "वाछि तो विजेया होईवा." जो वाचेल तो विजयी होईल. आमचा मोठा पहिलीत, नुकता कुठं अक्षराला अक्षर जोडायला लागलाय, त्याला मी हे सांगितलं तर तो एकदम गंभीर झाला. म्हणला, कुठलंही वाचलं तरी चालतं का? मी म्हणलं, चालतं की. झालं. परतीच्या रस्त्याला खिडकीला नाक लावून बसला आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायला लागला, पं-क्च-र, ख-ते बि-या-णे, चि-क-न सेंटर, ग्रा-म-पं-चा-य-त, प्रत्येक पाटीनंतर मागं वळून विचारायचा, आता किती विजय झाले? सोरेगावपर्यंत एकतीस. आणि त्या दिवशी एकदाही उलटी झाली नाही, कारण नजर सगळा वेळ बाहेर, लांब. मोबाइलनं जे बिघडवलं होतं ते हजार वर्षांपूर्वीच्या दगडानं दुरुस्त केलं म्हणायचं. तेव्हापासून पाट्या वाचणे हा आमचा प्रवासातला एकमेव खेळ, फुकट आहे.

नळदुर्ग पावसाळ्यात जावा. हैदराबाद रोडनं पन्नासेक किलोमीटर. बोरी नदीवर धरण बांधलंय किल्ल्यातच, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणी महाल. नदी भरली की भिंतीवरनं पाणी कोसळतं, नर-मादी म्हणतात त्या धबधब्यांना, आणि आपण आत खोलीत उभं राहून समोरनं पडणारं पाणी बघायचं. सोलापूरच्या लेकराला एवढं पाणी एका जागी बघणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल, आमच्याकडं नळाला रोज पाणी आलं तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती. पण रविवारी नको. तुफान गर्दी, सेल्फीवाली पोरं, निसरड्या पायऱ्या, मी धाकटीचा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, मंगळवारी, आणि तेच खरं बघणं झालं.

तसंच उलटं तुळजापूरचं, तिथं मंगळवार-शुक्रवार लेकरं घेऊन जाऊ नका, पौर्णिमेला तर अजिबात. अक्कलकोटला गुरुवार टाळायचा. अक्कलकोटला अन्नछत्रात दुपारचा महाप्रसाद असतो, आपल्याला जमेल ती देणगी द्यायची, धाकटी तिथला भात-आमटी जितका खाते तितका घरी कधी खात नाही.

नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दिसेल म्हणून जाल तर फसाल. आम्हाला दिसला नाही, मोठा अजून शपथेवर सांगतो की दिसला, मला वाटतं ती कुणाच्या तरी शेतातली लांडोर होती. पण काळवीट भरपूर, कळपानं, रस्त्यावरनंसुद्धा दिसतात, आणि पंचवीस किलोमीटरच्या आत आहे म्हणजे सकाळी जाऊन अकराला घरी. धाकटी त्यांना बकली म्हणते. चालतंय.

विजापूर गोलाच्या अगदी काठावर, शंभर किलोमीटर, रस्ता आता चांगला झालाय तरी पावणेदोन-दोन तास लागतात. गोलघुमटाला मोठ्यांचं तिकीट पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या लेकरांना फुकट. म्हणजे आमच्या अख्ख्या कुटुंबाला, सासूबाई धरून, पंच्याहत्तर रुपये! वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यात सात मजल्यांचा अरुंद जिना, धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर, सासूबाई खाली बागेत चटई टाकून बसल्या. सकाळी लवकर गेलात तरच मजा, नंतर शाळांच्या सहली येतात आणि घुमटात नुसता कालवा. आम्ही होतो तेव्हा पलीकडं एक जोडपं फक्त. नवरा मोठ्याला म्हणला, बोल काहीतरी. पोरगं आधी लाजलं, मग भिंतीला तोंड लावून हळूच म्हणलं, "शेंगाचटणी." आणि ती चटणी सगळ्या घुमटातनं फिरून फिरून परत आली. पलीकडचं जोडपं दचकून उठलं. त्यांनी तिकडनं काहीतरी कन्नडमध्ये उत्तर दिलं, ते आमच्या कानात असं आलं जसं कुणी खांद्यावर हनुवटी ठेवून बोलतंय. पुढं अर्धा तास आमचं पोरगं आणि ती अनोळखी माणसं एकमेकांना भाज्यांची नावं सांगत होते, हा मराठीत, ते कन्नडमध्ये. लिफ्टची आठवण निघाली नाही.

तिथनं मुलुख मैदान तोफ बघायला गेलो. तोंडाच्या जागी सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडलेला हत्ती. मी सांगितलं, ही १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथनं १६३२ मध्ये इथं आणली. मोठा तोफेकडं बघतो, माझ्याकडं बघतो, म्हणतो, कशात घालून आणली? छोटा हत्तीत का? आता परांडा बघायचाय म्हणून मागं लागलाय, तोफ जिथं होती ती रिकामी जागा बघायचीय त्याला. बार्शीवरनं जायचं ठरतंय, पण थंडी पडल्यावर.

कारण मार्च ते जून आम्ही कुठंच जात नाही. चव्वेचाळीस डिग्रीत लेकरं गाडीत घालणं म्हणजे भट्टीत घालणं, आमच्या जुन्या एसीचा दम शहराच्या कडेच्या बाळे गावापुढं टिकत नाही. खिडकीच्या काचेत वरनं ओला सोलापुरी टॉवेल अडकवून बघितला, वीस मिनिटात कडक. उन्हाळ्यात फार तर पहाटे सहाला हिप्परग्याच्या तलावावर, डबा खाऊन आठला परत.

एक गोष्ट मात्र मला अजून जमलेली नाही. धाकटी अख्ख्या रस्त्यात जागी असते आणि बरोबर संभाजी तलावापाशी, घर दहा मिनिटांवर असताना झोपते. गाडी थांबली की उठणार, उठली की रात्री बारापर्यंत झोपणार नाही. मग नवरा जुळे सोलापूरचं आमचं वळण सोडून सरळ पुढं जातो, सात रस्ता चौकाला वळसा घालून परत येतो, कधी दोन वळसे, कधी तीन. मागं सासूबाई पण पेंगलेल्या, मोठा मान टाकून, रेडिओ बंद, आणि आम्ही दोघं दिवसभरात पहिल्यांदा एकमेकांशी सलग काहीतरी बोलतो. त्या पेट्रोलचा हिशोब मी वहीत लिहीत नाही.