सोळाचा महिना

मंगळवार, ११ नोव्हेंबर, रात्र

कोल्हापूरच्या मार्केट यार्डातून सुटले आणि सरळ मंगळवार पेठेत आईकडे गेले. दिवाळीनंतर तिच्याजवळ निवांत बसणं झालंच नव्हतं. गाडी लावतेय तोवर तिचा आवाज गल्लीत ऐकू आला. वरच्या खोल्यांच्या दारात उभी राहून ती भाडेकरूच्या बायकोला बोलत होती. "एक तारीख म्हंजे एक तारीख. अकरा उजाडली. दर महिन्याला मीच तोंड वाजवायचं व्हय?" ती पोरगी कडेवर लेकरू घेऊन मोबाइल पुढं करत होती. "काकू, दुपारीच पाठवल्यात. हे बघा की." आईनं बघितलं नाही.

आईला हाताला धरून खाली आणलं, चहा टाकला. खुर्चीत बसल्यावरही तिचे हात थरथरत होते. पप्पा गेल्यापासून कुणाशी चढ्या आवाजात बोलली की तिचं असंच होतं. रागापेक्षा भीतीच जास्त असते त्यात.

मग मी वर गेले. त्या पोरीचा नवरा शिरोलीहून नुकताच आला होता, कानामागं फौंड्रीची काळी भुकटी तशीच होती. बसा म्हणाला, पाणी दिलं, आणि खाली बघत बोलला, "ताई, उशीर कुठं झाला? आमचा महिना सोळाला भरतोय. आज अकरा. म्हंजे पाच दिवस आधीच दिलं की. आणि पगारच आमचा आठला होतोय, त्याच्या आधी कुठनं आणू?"

घरी आल्यापासून हाच हिशेब कागदावर मांडत बसले आहे. हे जोडपं १६ जून २०२४ ला राहायला आलं. वीस हजार डिपॉझिट त्याच दिवशी दिलं. भाडं साडेसहा हजार, पहिलं दिलं १० जुलैला. तिथून दर महिन्याला दहा-अकराच्या आसपास.

आईच्या डोक्यात महिना एकला सुरू होतो आणि भाडं आगाऊ. त्या हिशेबानं हे लोक दर महिन्याला दहा दिवस उशीर करतात, वर जून २०२४ चे पंधरा दिवस, म्हणजे ३२५० रुपये, आजपर्यंत दिलेलेच नाहीत. त्याच्या डोक्यात महिना सोळा ते पंधरा, आणि राहून झाल्यावर पैसे. त्या हिशेबानं सतरा महिन्यांत एकदाही चूक नाही, उलट दरवेळी पाच दिवस आधी पोचवलेत. रक्कम तीच, तारखा त्याच. तरी एकीला वाटतंय आपल्याला गृहीत धरतायत, आणि दुसऱ्याला वाटतंय वेळेवर देऊनही बोलणी खातोय.

कागद काढून बघितला. शंभराचा स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, पप्पांची सही. त्यात ओळ आहे, "भाडे रक्कम रुपये ६५०० दरमहा वेळेवर देणेचे आहे." वेळेवर. तारीख नाही, आगाऊ की मागाहून ते नाही, महिना कुठून धरायचा तेही नाही. नोंदणीही केलेली नाही.

पप्पांवर राग आला. गेलेल्या माणसावर राग येतो तेव्हा फार वाईट वाटतं, पण आला. मी दिवसभर गुळाच्या अडतीचे हिशेब लिहिते. शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी दिल्याशिवाय आमच्याकडं व्यवहार पुरा होत नाही. कुठल्या दिवसाचा गूळ, किती रवे म्हणजे ढेपा, वजन किती, दर काय, आधीची उचल किती वळती केली, सगळं त्या कागदावर असतं. उचल दिली तर ती उचल म्हणूनच लिहितात. पैसे कशापोटी दिले हे लिहिलं नाही तर पुढच्या हंगामात दोन्हीकडची माणसं आपापल्या परीनं खरंच बोलत असतात आणि भांडत असतात. हे मला माहीत आहे, आणि माझ्याच माहेरात सतरा महिने हेच चाललं होतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत ओळखीच्या वकीलबाईंकडं जाऊन आले. हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यापासून त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही, तरी वीस मिनिटं दिली.

त्यांनी सांगितलेलं इथं लिहून ठेवते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाड्याची पावती न देणं हाही गुन्हाच आहे. आम्ही आजवर एक पावती दिलेली नाही.

महिना कुठून धरायचा हे मी मुद्दाम विचारलं. सुरुवातीचा दिवस कागदात नसेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मुदत करार झाल्यापासून मोजायची. म्हणजे त्याचं "सोळाला भरतोय" हे उगीच नाही.

शेजारच्या मावशी आईला काल सांगत होत्या, "एक तारीख चुकली की सामान भाईर काढायचं, मग बरोबर येत्यात वठणीवर." त्याबद्दलही विचारलं. थकबाकीसाठी घर रिकामं करून मागायचं तर आधी लेखी नोटीस, आणि नोटिशीनंतर ९० दिवस गेल्याशिवाय दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं सगळी बाकी १५ टक्के सरळ व्याजानं आणि खर्चासकट भरली तर त्या कारणासाठी त्याला काढता येत नाही. पाणी-लाइट तोडणं तर नाहीच.

पाणी हा शब्द ऐकला आणि मला शाहूपुरी आठवली.

लग्नानंतर आम्ही दोघं शाहूपुरीत खालच्या अंगाला भाड्यानं राहायचो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी माहेरी आलो. पाणी ओसरल्यावर चार दिवस गाळ उपसला, फरशीवर डेटॉल ओतलं तरी वास जाईना. एक सप्टेंबरला सकाळी मालक दारात. पूर्ण महिन्याचं भाडं. घर वापरलं दहा-बारा दिवस, तरी मी काही बोलले नाही, त्यांचंही नुकसान झालं होतं. रोख दिलं, पावती मागायचं सुचलंच नाही. घर सोडताना त्यांनी डिपॉझिटमधनं एक महिना कापला, "पुराच्या महिन्याचं भाडं आलंच नाही" म्हणून. मी दाराशी उभी राहून शपथा घेत होते. पाच हजार गेले त्याचं एवढं नाही. मी खोटं बोलतेय असं ते बायका-पोरांसमोर म्हणाले, ते अजून आत कुठंतरी रुतून बसलंय.

काल ती पोरगी मोबाइल पुढं करत होती. सहा वर्षांपूर्वी मी तिच्याच जागी उभी होते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज आईला विचारलं, एक तारीख आली कुठनं? पप्पांनी ठरवली होती का? ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूहळू उलगडलं. आधीचे भाडेकरू मास्तर होते. त्यांचा पगार एकला व्हायचा आणि त्याच संध्याकाळी ते जिना उतरून भाडं द्यायचे. चौदा वर्षं. आईच्या लेखी भाडं म्हणजे एक तारीख ही गाठ तिथं बसली.

दुसरं कारण तिनं फार आढेवेढे घेऊन सांगितलं. गल्लीतल्या बायकांची भिशी पाच तारखेला असते. पप्पा होते तेव्हा भिशीचे पैसे त्यांच्या पेन्शनमधनं जायचे. आता पेन्शन तिच्या नावावर निम्मी येते आणि त्यातनं औषधं, किराणा, गॅस. या महिन्यात पाचला तिच्याकडं पैसे नव्हते. तिनं शेजारच्या मावशींकडनं दोन हजार हातउसने घेतले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मला कळवलं नाही, कारण लेकीच्या सासरी जाईल म्हणून.

म्हणजे आई तारखेसाठी भांडतच नव्हती. चार बायकांत आपली भिशी चुकेल, याची धास्ती होती तिला. आणि तो वरचा पोरगा तरी काय करणार? पगाराला पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंतची मुदत कायद्यातच दिलेली आहे. फौंड्रीत, एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाच्या हातात एकला पैसे येणारच नाहीत. त्याच्याकडं एक तारखेचा हट्ट धरला तर त्यालाही दर महिन्याला कुणाकडनं तरी हातउसने घ्यावे लागतील. माझं स्पष्ट मत झालंय की भाड्याची तारीख भाडेकरूच्या पगाराच्या दोन दिवस पुढं धरावी. आपल्या गावात निम्मी घरं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या पगारावर चालतात. तिथं सगळीकडं एक तारीख लावणं म्हणजे भांडणाला आपण होऊन आवतण देणं.

पप्पांची लाल पुठ्ठ्याची लांब वही कपाटात सापडली. भाड्याच्या पानावर नुसतं "१० जुलै, रु. ६५०० पोच", "११ ऑगस्ट, रु. ६५०० पोच." महिना कुठंच नाही. वही मिटणार होते. मागच्या बाजूनं उलटी धरून लिहिलेलं एक पान होतं, वरच्या खोल्यांच्या सब-मीटरचं. जून १६, ११८७. जुलै १६, १२४१. ऑगस्ट १६, १२९०. पेन्सिलीनं, त्यांच्या त्या किरट्या अक्षरात, दर महिन्याच्या सोळाला. एका ठिकाणी समासात "१५ ला गावी, रीडिंग १७ ला घेतले, एक दिवस वजा" असंही.

एक दिवस वजा करणारा माणूस महिना कुठनं धरत होता याबद्दल मला शंका उरली नाही. पान आईसमोर धरलं. तिनं चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट फिरवलं. शेवटची ओळ १६ जानेवारीची. फेब्रुवारीत पप्पा गेले.

"मला एकदा सांगायचं तरी," एवढंच म्हणाली.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सोळा. सकाळी दहाला चौघं जिन्याखाली बसलो. आईनंच त्या पोरीला हाक मारली, "लेकराला घेऊन ये गं खाली." पोहे केले होते. काय बोलायचं ते रात्रीच ठरलं होतं, पण आई आधी म्हणाली, "मी त्या दिवशी लई बोलले." त्यानं मान हलवली, "राहू द्या काकू, तुमचंबी काय चुकलं नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं."

ठरलं ते असं. महिना सोळा ते पंधरा. भाडं त्या महिन्यातच, दहा तारखेच्या आत. फौंड्रीत पगार लांबला तर त्यानं दहाच्या आधी खाली येऊन सांगायचं, आईनं वर जायचं नाही. करार नव्यानं करून नोंदवायचा, खर्च निम्मा-निम्मा, आणि त्यात "वेळेवर" हा शब्द नको. जूनच्या त्या पंधरा दिवसांचा विषय संपला, कारण ते बाकी नव्हतेच. भिशीचंही जमतं. अकराला आलेले पैसे आई डब्यात वेगळे ठेवणार आणि पाच डिसेंबरला तेच घालणार. मावशींचे दोन हजार मी देते म्हटलं, तर ती ऐकेना. ते मी तिच्यावर सोडलं.

मी स्टेशनरीच्या दुकानातनं पावतीपुस्तक आणलं होतं. पहिली पावती आईनं स्वतः लिहिली, सावकाश, जीभ दातांत धरून. "१६ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या महिन्याचे भाडे रु. ६५००, मोबाइलवरून, ११ तारखेस पोच." त्यानं ती दोनदा वाचली आणि घडी घालून पाकिटात आधारकार्डाच्या मागं ठेवली.

मग मीटर. जिन्याखाली अंधार असतो, त्यानं मोबाइलचा उजेड धरला, मी आकडा वाचला, २०४६. आईनं वही उघडली. जानेवारीनंतर नऊ महिन्यांची जागा मोकळी. लाइटबिलाचे पैसे इतके दिवस तोच हिशेब करून भाड्याबरोबर पाठवत होता आणि आम्ही कुणी ताडूनही बघितलं नव्हतं.

"काकू, थांबा," तो म्हणाला. "काकांनी सांगितलेलं, सोळा चुकवायचा नाही. माझ्याकडं दर महिन्याचे फोटो हैत."

तो मोबाइलवर एकेक फोटो मोठा करून आकडे सांगत गेला, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, आणि आई पप्पांच्या ओळींखाली ते लिहीत गेली.