टोपडी पोचली!

आज आमच्या गटाने विणलेली टोपडी, मोजे आणि छोटे स्वेटर नाशिकमधल्या एका सरकारी दवाखान्यात देऊन आलो. मन अजून तिथेच आहे.

निफाडचा पारा उतरला की आपण शाल ओढून घेतो. नवजात बाळाला मात्र आपल्यासारखं कुडकुडून अंग गरम ठेवता येत नाही. त्यात वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर अंगावर चरबीही बेताचीच. डोकं शरीराच्या मानाने मोठं, तिथून ऊब भराभर जाते. म्हणून आम्ही आधी टोपडी विणतो, बाकीचं नंतर.

वॉर्डात एका आईने बाळाला उघड्या छातीशी बांधून घेतलं होतं. कांगारू मदर केअर म्हणतात ती हीच, १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटामध्ये सुरू झालेली पद्धत. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे आणि आमच्यातल्या मावशींनी विणलेलं पिवळं टोपडं! मावशींना तर बोलताच येईना. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही त्यांनी सुया सोडल्या नाहीत.

सिस्टरांनी सांगितलंय, पुढच्या वेळी मोजे जास्त आणा. जाळीची वीण नको, इवली बोटं अडकतात. मणी, बटणं, लांब नाड्याही नकोत.

कुणाकडे मऊ बेबी वूल उरली असेल तर मेसेज करा, घरी येऊन घेऊन जाऊ. टोचणारी लोकर मात्र नको. आणि विणता येत नसेल तरी या, दोन सुलट दोन उलट शिकायला एक दुपार पुरते.