कुलरची घरघर

एप्रिलचा पहिला आठवडा उजाडला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या घरांतून एक कार्यक्रम ठरलेला असतो. ताडपत्रीखाली झाकलेला लोखंडी कुलर बाहेर येतो, जुन्या ताट्यांचं काळं पडलेलं गवत फेकलं जातं, टाकीच्या बुडाला डांबर फासलं जातं, खिडकीबाहेर स्टँड लागतो. संध्याकाळी बटण दाबलं की पुढचे अडीच महिने घरातला प्रत्येक माणूस ओरडून बोलतो. पाहुणा आला की आधी कुलर बंद, मग 'काय म्हणता?'

या घरघरीबद्दल तक्रार फारशी कुणी करत नाही, कारण ती जोराची खूण मानली जाते. 'ऐका कसा घुमतोय' म्हणत दुकानदार कुलर विकतो आणि आपण मान डोलावतो. वास्तविक, सरळ सुटलेला वारा फार बोलत नाही. तो फटीतून मागे फिरतो, पट्टीला धडकतो, पत्र्याच्या धारेवर फाटतो, तेव्हा बोलतो. कुलरचा बराचसा आवाज म्हणजे खोलीत पोचलाच नाही असा वारा. वीज मात्र त्याच्यासाठीही जळलेली असते.

प्लग काढून (बटण बंद करून नव्हे, प्लग काढून; ओल्या लोखंडाशी गाठ आहे, आणि अर्थिंगची तार नसलेला कुलर तर लावूच नये) पुढची जाळी उघडावी आणि पातं हातानं सावकाश फिरवावं. पात्याचं टोक आणि पुढच्या पत्र्याचं गोल भोक यांच्यात किती फट आहे ते पाहावं. १८ इंची पात्याला ही फट ४-५ मिलिमीटर असावी. आपल्याकडच्या कुलरात बोटभर सहज सापडते, आणि मोटार वर्षानुवर्षं खाली झुकलेली असल्यामुळे वर दोन बोटं आणि खाली टोक घासतंय अशीही असते. आता पातं काय करतं? पुढे दाब वाढवतं, मागे कमी करतं. टोकापाशी मोकळी वाट मिळाली की पुढे ढकललेली हवा तिथूनच वळून मागे येते, पुन्हा पात्यात सापडते, पुन्हा वळते. मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या मोटारीवर १८ इंची पात्याचं टोक ताशी १२० किलोमीटरच्या आसपास धावत असतं. त्या वेगाच्या टोकाला आपल्याच भोवऱ्यात शिरावं लागतं, म्हणून तो भसाभसा आवाज.

उपाय पत्र्याच्या कारागिराकडे अर्ध्या तासाचा. तीन-चार इंच रुंदीची पट्टी घ्यायची, लांबी १४९ सेंटीमीटर. त्यात जोडावर जोड चढवायला इंचभर धरलेला आहे. ती वळवून साडेसेहेचाळीस सेंटीमीटर व्यासाचं कडं करायचं आणि भोकाला आतून रिव्हेटनं बसवायचं. पात्याची निम्मीअधिक रुंदी कड्याच्या आत राहिली पाहिजे. कड्याची टाकीकडची कड, जिथून हवा आत ओढली जाते ती, तुतारीच्या तोंडासारखी बाहेर वळवून घ्यावी. कापलेल्या पत्र्याच्या धारेवरून हवा वळताना फाटते, गोल कडेवरून घसरत येते. वळवणं जमत नसेल तर बागेच्या रबरी पाइपाला उभा चिरा देऊन तो कडेवर चढवला तरी काम होतं. फक्त तो पात्याच्या वाटेत यायला नको. मोटार मध्यावर आहे की नाही हे घड्याळाच्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी पुठ्ठ्याचा एकच तुकडा सरकवून कळतं.

कडं बसल्यावरही एक सूर उरतो, आणि तो भसाभसा नसतो, गुणगुणतो. त्याचा उगम मोटार धरणाऱ्या पट्ट्यांत असतो. लोखंडी कुलरात मोटार पात्याच्या मागे असते, म्हणजे हवा आधी या पट्ट्यांवर आदळते आणि मग पात्यात शिरते. चपटी पट्टी वाऱ्याला आडवी लावली की तिच्यामागे मंद हवेची एक सावली पडते आणि प्रत्येक पातं फिरताना ती सावली कापतं. चार पट्ट्या आणि चार पाती असली तर चारही पाती एकाच क्षणी चारही सावल्या कापतात. सेकंदाला २३ फेरे, चोक ९२-९३ ठोके. दरम्यान आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यामुळे मोटारीचं लोखंड सेकंदाला १०० वेळा गुणगुणत असतंच. हे दोन सूर इतके जवळचे की एकमेकांत मिसळून सेकंदाला सहा-सात हेलकावे खातात. मध्यरात्री ऐकू येणारं ते थरथरतं 'ऊंऽऊंऽऊं' हेच. चार पट्ट्यांवर पाच पाती लावली की ठोके एकदम न पडता पाळीपाळीनं पडतात, आणि सूर लांब सरकतो, ११७च्या आसपास. पट्टी बदलणं शक्य असेल तर चपटीऐवजी बारीक गोल सळई वापरावी. नाहीतर निदान तीच पट्टी फिरवून तिची धार वाऱ्याकडे करावी. वाऱ्याच्या दिशेनं ती जास्त ताठ होते, मात्र आडव्या पट्टीची वजन पेलण्याची ताकद अशानं कमी होते.

खरी मेख मात्र फेऱ्यांत आहे. आवाज फेऱ्यांबरोबर भयंकर वेगानं वाढतो: फेऱ्या दुप्पट केल्या तर वारा दुप्पट, आवाज १५ डेसिबलनं जास्त आणि मोटारीवरचा भार आठपट. तरीही बाजारात लहान पातं आणि १४०० फेऱ्या हीच जोडी जास्त खपते, कारण मोटार स्वस्त पडते आणि दुकानात उभं राहिलं की तोंडावर झोत येतो. त्याऐवजी ९०० फेऱ्यांची मोटार आणि मोठं पातं घ्यावं. पात्याची घडण तीच ठेवली तर १५ इंची पातं १४०० फेऱ्यांवर जितकी हवा हलवतं, त्यापेक्षा दहाएक टक्के जास्तच हवा १८ इंची पातं ९०० फेऱ्यांवर हलवतं. वीज लागते दोन तृतीयांश, आवाज साधारण ४ डेसिबलनं उतरतो. एकच गोष्ट या सौद्यात हातची जाते, ती म्हणजे रेटा. सावकाश फिरणाऱ्या पात्याचा दाब साठ टक्क्यांवर येतो. ताट्या मोकळ्या आहेत तोवर ते कळत नाही. त्या तुंबल्या की मोठं पातं नुसतं गरगरतं, आणि मग लोक म्हणतात, जुनाच बरा होता.

घुबड उडताना आवाज करत नाही. त्याच्या पिसांच्या पुढच्या कडेला कंगवा आणि मागच्या कडेला झालर असते. ते पाहून हल्ली काही पंख्यांच्या पात्यांना मागच्या बाजूनं करवतीसारखे दाते ठेवतात. कल्पना चांगली आहे आणि दात्यांनी फरक पडतोही. पण दोन बोटं फटीच्या कुलरात असं पातं बसवणं म्हणजे गळक्या बादलीला चांदीची कडी. आधी फट बुजवावी, मग घुबडाकडे वळावं. तसंही या बिचाऱ्याचं नाव आपण शुभकार्यात कधी घेतलेलं नाही.

ताट्यांचं गणित सोपं आहे. दोन बाय दोन फुटांच्या तीन ताट्या म्हणजे बारा चौरस फूट. १८ इंची पात्याचं वर्तुळ पावणेदोन चौरस फूट. म्हणजे हवा रुंद वाटेनं संथ आत येते, गवताला लागून थंड होते आणि मग अरुंद तोंडातून वेगानं सुटते. गवत कोंबून भरलं की जास्त गार होईल असं वाटतं, होतं उलटं. हवा कमी येते, पातं उपाशी राहतं आणि उपाशी पातं गुरगुरतं. समोरच्या उजेडाकडे ताटी धरल्यावर जागोजाग बारीक किरणं दिसावीत, पण कुठंही भगदाड नसावं. मागची ताटी आणि कंपाउंडची भिंत यांत किमान फूट-दीड फूट जागा ठेवावी. बोअरचं पाणी असेल तर जूनपर्यंत ताटीवर क्षारांचा पांढरा थर चढतो, म्हणून टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करावी. वरून नुसती भर घालत राहिलं तर पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साचत राहतात.

हेच क्षार तुषारांबरोबर पात्यावरही बसतात, आणि सगळ्या पात्यांवर सारखे बसत नाहीत. मग मोटार डुलते. पातं काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसावं, खरवडू नये, धार वाकते. परत बसवल्यावर जाळीला एक पेन्सिल आडवी बांधून प्रत्येक पात्याचं टोक तिच्यापासून किती लांब जातं ते मोजावं. २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे कुठलंतरी पातं वाकलं आहे. ते हातानंच हलकेच सरळ होतं. मधल्या बोंडाचा स्क्रू दांड्याच्या चपट्या बाजूवरच आवळायचा. गोल बाजूवर आवळला की आठवड्यात सैल होतो आणि टकटक सुरू.

मोटारीचा थरकाप पत्र्यात उतरला की सगळी पेटीच ढोल होते. मोटार आणि पट्टी यांच्यामध्ये रबरी वायसर घालतात, पण बोल्ट मात्र लोखंडाला थेट टेकलेलाच राहतो आणि थरकाप त्यातूनच पलीकडे जातो. बोल्टावर रबरी नळीचा तुकडा चढवावा आणि त्याच्या डोक्याखालीही रबरी वायसर द्यावा. स्टँडच्या चारही पायांखाली जुन्या टायरचे तुकडे, खिडकीच्या चौकटीला कुलर टेकतो तिथं फोमची पट्टी. ती पट्टी बाहेरची गरम झळही अडवते. मोटारीचा आवाज तरीही जड आणि वेग मंद वाटला तर कंडेन्सर बदलून पाहावा, पण मोटारीवर जो आकडा छापला आहे त्याच आकड्याचा. मोठा टाकला म्हणून मोटार धावत नाही, जळते.

एवढं सगळं करून खोलीची दारं-खिडक्या गच्च लावून बसलं तर व्यर्थ. कुलर बाहेरची हवा आत ढकलतो. तितकीच हवा बाहेर गेली नाही तर आत दाब चढतो, पात्याला पुढे जागा उरत नाही आणि पात्यावरची हवा सुटू लागते. त्याचा आवाज ओळखीचा असतो: दार लावताच सूर बदलतो, धपधप येते. शिवाय दमट हवा आतच कोंडते आणि चादर ओलसर लागते. कुलरच्या समोरच्या बाजूला साडेतीन ते चार चौरस फुटांची वाट उघडी हवी. त्या खिडकीत वर्तमानपत्राची पट्टी धरून पाहावी, ती बाहेरच्या बाजूला उडाली पाहिजे. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी, हवेत आर्द्रता १५ टक्के असताना, असा नीट लावलेला कुलर २८ अंशांची हवा देतो. मुंबई-पणजीच्या दमट दुपारी हेच यंत्र चार-पाच अंशांच्या वर काही करू शकत नाही, म्हणून तिकडची मंडळी विदर्भाच्या कुलरप्रेमाला हसतात. एकदा मे महिन्यात येऊन राहावं.

उरतं ते पाण्याचं. पंप टाकीच्या पत्र्याला टेकलेला असेल तर गुणगुणतो. खाली रबराचा तुकडा द्यावा. पाणी उतरलं की तोच गडगड करत हवा ओढतो, तेव्हा तो लगेच बंद करावा, नाहीतर जळतो. ताटीतून टाकीत पडणाऱ्या धारांचा आवाज नकोसा वाटत असेल तर पाण्याच्या पातळीवर नायलॉनच्या जाळीची पट्टी तिरपी बांधावी, धार तिच्यावरून निथळत उतरते. अर्थात हा आवाज कित्येकांना हवाच असतो. पंखा शांत झाल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो हाच, आणि त्याबरोबर वाळ्याच्या ताटीचा वास. पहाटे तीनच्या सुमारास पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तरी ओल्या ताट्या काही वेळ गारवा देत राहतात.