सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आल्यानंतर

पाळीच्या तक्रारी घेऊन ग्वाल्हेरमध्ये मी ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांपैकी कोणीही माझ्याशी उद्धटपणे वागले नाही. त्यांनी ऐकून घेतले, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. पण लांबत चाललेली पाळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, हनुवटीवरचे राठ केस आणि जबड्यालगतचे पुरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे, भांगाजवळ विरळ होणारे केस आणखी तिसऱ्याच कोणाकडे, अशी पीसीओडी या एकाच आजाराची, म्हणजे बीजकोश आणि हार्मोन्स यांच्या बिघाडाची, वाटणी झाली होती आणि त्या सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. लष्कर भागातल्या एका दवाखान्यात तर मला सांगण्यात आले, “बेटा, शादी के बाद सब ठीक हो जाता है।” माझा प्रश्न मुलाबाळांचा नव्हता, माझ्या तब्येतीचा होता; परंतु या वाक्यानंतर ते सांगायला जागाच उरली नाही.

सर्वांत मोठा अडसर ठरली ती सोनोग्राफी. अहवालात दोन्ही बीजकोश ‘नॉर्मल’ होते, त्यातून मी अंगाने बारीक, म्हणून ‘पीसीओडी नाही, ताण कमी करा’ असा निकाल लागला. वस्तुतः २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी पुरेशा असतात : अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा अहवाल, आणि सोनोग्राफीत अनेक लहान बीजपुटिकांनी भरलेले दिसणारे बीजकोश; मात्र थायरॉईडसारखी इतर कारणे आधी वगळावी लागतात. पहिल्या दोन गोष्टी असतील तर निदानासाठी सोनोग्राफीची गरज नाही, हे २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट म्हटले आहे. बारीक मुलींनाही हा आजार होतो. हे सारे मला दवाखान्यात कळायला हवे होते, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

मार्ग दाखवला तो माझ्या आत्याने. ती निवृत्त परिचारिका आहे. “डॉक्टरांना हकीकत सांगत बसू नकोस गं, तारखा दाखव,” असे म्हणून तिने मला एक कोरा फुलस्केप कागद दिला. त्यावर डावीकडे मी पाळीच्या तारखा आणि दोन पाळ्यांमधले अंतर लिहिले. ३५ दिवसांपेक्षा मोठ्या प्रत्येक अंतराखाली लाल रेघ मारली. उजवीकडे हनुवटीचे केस किती दिवसांनी काढावे लागतात, पुरळ कधी उठते, आणि कोणत्या महिन्यांत पाळी आपोआप न येता गोळ्यांनी आणली होती, हे लिहिले. शेवटची नोंद फार उपयोगी पडली, कारण गोळ्यांनी आलेल्या पाळीमुळे कागदोपत्री माझे चक्र नियमित दिसत होते. आमच्या घरी बाहेर पडण्यापूर्वी थ्रेडिंग करून जाण्याचा आईचा आग्रह असे, आत्याने तिला समजावले, “वहिनी, या वेळी राहू द्या. डॉक्टरांना दिसले पाहिजे.”

तो कागद पाहूनही आधीच्या डॉक्टरांनी तपासणीची गरज नाही असे म्हटले, तेव्हा मी नम्रपणे विनंती केली, “सर, जाँच की ज़रूरत नहीं है, ये पर्चे पर लिख दीजिए।” ते क्षणभर थांबले. मग त्यांनी तो कागद पुन्हा वरपासून वाचला, थायरॉईड व प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारे एक हार्मोन) यांच्या तपासण्या लिहिल्या आणि हार्मोनतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

हार्मोनतज्ज्ञ बाईंनी रक्तदाब पाहिला, मानेवरची काळसर, जाडसर त्वचा बोटाने चाचपली आणि घरात मधुमेह कोणाला आहे ते विचारले. माझ्या वडिलांना आणि आजीला आहे. पाळीसाठी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉनचा (पुरुषी हार्मोनचा) अहवाल भरवशाचा नसतो, म्हणून त्यांनी त्या बंद करून तीन महिन्यांनी तपासणी केली. या आजारात मधुमेहाचाही धोका असतो, म्हणून सोबत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजली. उपाशीपोटीची साखर व्यवस्थित होती, दोन तासांनंतरची मात्र मर्यादेबाहेर गेली होती. केवळ उपाशीपोटीच्या अहवालावर विसंबलो असतो तर हे कळलेच नसते.

पीसीओडीचे निदान चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहून मिळाले. पाळी ९० दिवसांहून अधिक लांबू द्यायची नाही, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो, हेही त्यांनी समजावून सांगितले. इतक्या वर्षांत ते कोणीच बोलले नव्हते. त्यांनी झोप आणि मनःस्थितीबद्दलही विचारले आणि उत्तर पुरे होईपर्यंत त्या थांबल्या.

आता माझ्या सोळा वर्षांच्या मामेबहिणीला मामी त्यांच्याकडे नेतात. एवढ्या लहान वयात सोनोग्राफीवरून निदान करायचे नसते, म्हणून बाईंनी ती लिहिली नाही. पाळीच्या तारखा, चेहऱ्यावरचे केस आणि वजन यांची नोंद ठेवून ठरावीक काळाने यायला सांगितले आहे.