उडनदत्त्याची तयारी

"उडनदत्ता? दत्ताचं ठिकाण आहे काय ते?" बायकोनं विचारलं. "मग एवढं लांब कशाला? वाडीला जाऊन या की."

दत्ताचं ठिकाण नाही. ऊडनडाटा हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं एक गाव. त्याच्या नावाचा कच्चा रस्ता आहे, मरीपासून मार्लापर्यंत, सुमारे ६२० किलोमीटर. पण आमच्या घरात आता ते उडनदत्ताच झालंय, तेव्हा इथंही तेच लिहितो. भाचा अॅडलेडला असतो. ऑगस्टमध्ये मी जाणार आणि त्याच्या जुन्या प्राडोतून आम्ही दोघं हा रस्ता करणार. भाड्याची गाडी घेऊया म्हटलं होतं, तर तिथल्या बहुतेक भाड्याच्या गाड्या कच्च्या रस्त्यावर न्यायलाच करारात बंदी. नेली आणि उलटली तर विमा गेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथ चालवली. पंक्चर काढता येतं, बोलेरोचा क्लच स्वतः बदललाय. त्यामुळं तयारी म्हणजे फार तर बॅग भरणे, असा माझा समज. भाच्यानं फोनवर एकच प्रश्न विचारला.

"मामा, तुमची गाडी शेवटची बंद पडली तेव्हा तुम्ही काय केलं?"

आठवून बघितलं. गगनबावड्याच्या रस्त्याला कळ्याच्या पुढं फॅनबेल्ट तुटला होता. बॉनेट उघडायच्या आधीच दोन मोटरसायकली थांबल्या. एकानं कळ्यातल्या मेस्त्रीला फोन लावला, दुसरा म्हणाला, पावणं, आधी चहा घ्या. मेस्त्री येईपर्यंत सात-आठ जण जमले आणि प्रत्येकाचं निदान वेगळं. मी काय केलं? चहा घेतला.

"तिथं हेच नसतं," भाचा म्हणाला.

मरीहून विल्यम क्रीक साधारण २०० किलोमीटर. तिथून उडनदत्ता तेवढंच, आणि तिथून मार्लाही तेवढंच. मध्ये पंप नाही, टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. विल्यम क्रीकची वस्ती आपल्या एका वाड्यात मावेल एवढी. वाटेत अॅना क्रीक नावाचं गुरांचं रान लागतं, एका मालकाचं, आणि ते आपल्या अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दुप्पट. हे ऐकल्यावर मी वही काढली.

पहिलं पान टायरचं. डांबरी रस्त्याला ३५ हवा असेल तर खडीच्या कच्च्या रस्त्याला २६-२८ पर्यंत उतरवायची आणि वेगही उतरवायचा. हवा कमी असली की टायर दगडावर पसरतो, कापला जात नाही. आमचे पंक्चरवाले हे ऐकून हसले. त्यांच्या हिशेबात कमी हवा म्हणजे टायरचा खून. म्हणून मे महिन्यात गावाकडं उसातल्या पाणंदीत बोलेरो घातली. आधी ३५ वर, मग २६ वर. पहिल्या फेरीत कमरेचे मणके मोजून झाले, दुसऱ्या फेरीत शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या कलंडला नाही. मात्र डांबरीवर आलं की हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. त्यासाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा पंप लागतो. तो भाच्याकडं आहे.

तिथल्या रस्त्याचं खरं दुखणं म्हणजे आडव्या लाटा. सिमेंटच्या पत्र्यावरून गाडी नेल्यासारखं, तेही तासन्‌तास. भाचा त्याची कारणं सांगायला लागला तेव्हा मी त्याला थांबवला, कारण हे मी रोज बघतो. लेथवर टूल नीट आवळलेलं नसलं की ते थरथरतं आणि जॉबवर बारीक लाटा उठतात. आम्ही त्याला चॅटर म्हणतो. एकदा लाट उठली की पुढच्या फेरीला टूल तिच्यावरूनच उडी मारतं आणि लाट वाढते. रस्त्यावर चाक तेच करतं. सुटी खडी, त्यावर उड्या मारणारं चाक, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तीच लाट खोल करतं. थरथरीनं काय होतं हेही मला कुणी शिकवायला नको. नट सैल होतात. रोज संध्याकाळी चाकांचे नट, बॅटरीचे क्लॅम्प, टपावरच्या कॅरेजचे बोल्ट हातानं तपासायचे, हे वहीत माझ्या बाजूनं लिहिलं. भाच्याच्या यादीत फक्त चाकांचे नट होते.

त्यांच्याकडं बारीक पिठासारख्या धुळीला वेगळं नाव आहे. ती खड्ड्यात भरून बसते, वरून सपाट दिसते आणि चाक गेलं की खड्डा. मी म्हटलं, अरे, हा फुफाटा. आमच्या आजीच्या तोंडी रोज असायचा. फुफाट्यात एअर फिल्टर रोज झाडायचा, आणि समोरून ट्रक आला की डावीकडं थांबून धूळ बसेपर्यंत हलायचं नाही. तिथले ट्रक तीन-तीन ट्रेलर ओढतात, लांबी ५३ मीटरपर्यंत. हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याला दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं ज्यानं गाडी चालवलीय त्याला निम्मा अभ्यास आधीच झालेला आहे. फरक एवढाच, की आपला ट्रॅक्टर गाणी लावून वीसनं जातो, त्यांचा ट्रक शंभरच्या आसपास असतो. अंधार पडल्यावर गाडी हाकायची नाही, कांगारू आणि गुरं आडवी येतात. दाजीपूरच्या वाटेला गवा आडवा आलेला बघितल्यापासून मला ते पटवून द्यावं लागत नाही.

स्टेपन्या दोन घ्यायच्या. जॅकखाली ठेवायला फळी, कारण मऊ जमिनीत जॅकच खाली जातो. मी वर्कशॉपमध्ये दहा मिलिमीटरची, वीतभर रुंद अशी लोखंडी प्लेट कापून, कडा घासून, वर पकड बसेल अशी खोबण करून ठेवली. भाच्याला फोटो पाठवला. "मामा, पाच किलो लोखंड विमानातून आणणार? इथं फळ्या मिळतात." प्लेट आता वर्कशॉपचं दार उघडं राहावं म्हणून दारात आहे.

जूनचा पहिला पाऊस झाल्यावर अंगणात सराव केला. नियम असा, की गाडीत जे सामान आहे तेवढ्यावरच चाक बदलायचं, कुणाची मदत घ्यायची नाही. जॅक लावला तोवर शेजारचे काका आले. मग समोरचा पोरगा. "काका, पाना इकडं द्या." मी म्हटलं, हात लावू नका, मी वाळवंटात आहे. काका म्हणाले, असाल हो, पण पाना उलटा लावलाय. खरंच उलटा लावला होता. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा शेवटचा नट दुसऱ्याच कुणीतरी आवळला. शेवटी एका रविवारी पहाटे पाचला, गल्ली झोपेत असताना, एकट्यानं चाक बदललं. चाळीस मिनिटं लागली.

पाणी आम्ही दोघांना पाच दिवसांचं म्हणून ६० लिटर धरलंय, वीस-वीसच्या तीन कॅनमध्ये. एकच मोठी टाकी फुटली तर सगळंच गेलं. आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. १९६३ च्या डिसेंबरात मरीकडूनच निघणाऱ्या बर्ड्सव्हिलच्या वाटेवर एका घरातली पाच माणसं दगावली. पेट्रोल संपलं आणि ती गाडीपासून लांब गेली. वरून शोधणाऱ्या विमानाला गाडी दिसते, माणूस दिसत नाही. उडनदत्त्याला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. ऑगस्टमध्ये तिकडं हिवाळा, रात्री गारठा असतो. म्हणूनच हा महिना.

पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरही नाही. गगनबावड्याला जोराच्या दिवशी एका दिवसात तेवढा पडतो. पण तेवढ्यानंही रस्ता चिकट होतो आणि सरकार तो बंद करतं, मग घुसलं तर दंड. हे मात्र कोल्हापूरकराला सोपं आहे. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी ४३ फूट झालं की शिरोलीकडं कोण निघत नाही, आधी फोन करून पाणी किती फुटावर ते विचारतो. तिथं सकाळी उठून रस्त्याचा अहवाल बघायचा, एवढंच.

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, फी १,००० रुपये. बायकोनं चटणीचा डबा बांधलाय. विमानतळावर उतरताना तो फॉर्मवर लिहायचा, आणि त्यांनी ठेवून घेतला तर वाद घालायचा नाही असं भाच्यानं दोनदा बजावलंय. सॅटेलाइट फोन तिथंच भाड्यानं. इथून न्यायचा प्रश्नच नाही, भारतात तो परवानगीशिवाय बाळगता येत नाही.

आणि एक मुठीएवढं यंत्र. अडचणीत बटण दाबलं की उपग्रहामार्फत आपण कुठं आहोत ते शोधणाऱ्यांना कळतं. त्याची नोंदणी सागरी सुरक्षा खात्याकडं होते. वाळवंटातल्या माणसाला समुद्रवाले शोधणार, याची गंमत वाटली. नोंदणीत घरच्यांचे नंबर द्यावे लागतात, म्हणून भाच्याच्या बायकोबरोबर हिचाही दिला.

"मला इंग्रजीत फोन आला तर?"

"तू फक्त आम्ही कुठं असायला पाहिजे ते सांगायचं."

तिनं कॅलेंडर उतरवून ऑगस्टचं पान काढलं. मंगळवार, विल्यम क्रीक. फोन त्यांच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आपले दुपारचे दोन, तिकडं चार तास पुढं. बुधवार, उडनदत्ता. लिहून झाल्यावर चष्मा वर करून म्हणाली, "दोन वाजता फोन आला नाही, तर मी किती वाजेपर्यंत गप्प बसायचं?"

हे माझ्या वहीत नव्हतं. भाच्याला फोन लावला. त्याच्याही यादीत नव्हतं. बराच वेळ बोलून दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा ठरले, त्यांचे दहा. तिनं ते लाल पेनानं लिहिलं आणि खाली समोरच्या पोराचा नंबर लिहिला. त्याचं इंग्रजी बरं आहे.