अमेरिकेत पगार बचत खात्यात घेतला, त्याची गोष्ट

नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि पहिल्याच आठवड्यात बँकेत गेले. पासपोर्ट, व्हिसा, कंपनीचं पत्र, घरभाड्याचा करार, सगळं फाइलमध्ये नीट लावलेलं होतं. समोरच्या बाईंनी कागद पाहिले आणि विचारलं, चेकिंग उघडायचं की सेव्हिंग्ज? दोन्ही उघडता येतात, असंही सांगितलं. मी दोन्ही उघडली, पण मनात पक्कं होतं की आपलं मुख्य खातं सेव्हिंग्ज.

यात मला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे नोकरदार माणसाचं खातं म्हणजे बचत खातंच. पगार त्यातच येतो, विजेचं बिल त्यातून जातं, गृहकर्जाचा हप्ता त्यातून कापला जातो, भाजीवाल्याला यूपीआयही त्यातूनच. चालू खातं दुकानदारांचं आणि कंपन्यांचं, आणि त्यावर व्याज नाही. चेकिंग म्हणजे इथलं चालू खातं असणार, असं मी गृहीत धरलं; प्रत्यक्षात ते इथल्या नोकरदार माणसाचं रोजच्या व्यवहारांचं खातं. बाबांना फोनवर सांगितलं, तर तेही म्हणाले, "बचत खातं उघडलंस ना? मग पगार त्यातच घे, चार पैसे व्याज तरी मिळेल."

कंपनीच्या फॉर्मवर बँकेची ओळख सांगणारा ९ अंकी राउटिंग नंबर, खाते क्रमांक आणि खात्याचा प्रकार भरायचा होता. मी सेव्हिंग्जच्या चौकोनात खूण केली. पगार आला, काही अडचण आली नाही. अडचण येत नाही ती पैसे आत येताना. बाहेर जायला लागले की मग खात्याचा स्वभाव कळतो.

पहिल्या महिन्यात मी वीज, फोन, इंटरनेट, गाडीचा विमा आणि क्रेडिट कार्ड ही सगळी बिलं सेव्हिंग्जवर लावून दिली. घरमालकांना भाडं चेकनेच हवं होतं आणि सेव्हिंग्जला चेकबुक नव्हतं. म्हणून भाड्यापुरते पैसे ऑनलाइन चेकिंगमध्ये वळवायचे आणि तिथून चेक द्यायचा, असं ठरवलं. ही झाली सहा देणी. त्यानंतर दोनदा सामानासाठी पुन्हा चेकिंगमध्ये पैसे टाकले. महिनाअखेरच्या स्टेटमेंटमध्ये त्या दोन्ही वेळांसमोर दंड होता: मर्यादेपेक्षा जास्त व्यवहार. स्वतःच्या एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात, त्याच बँकेत पैसे हलवले म्हणून दंड. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

दुसरा धक्का पुढच्या महिन्यात बसला, आणि तो मला जास्त लागला. भाडं आणि पार्किंगची अनामत असे दोन चेक मी घरमालकांना एकदम दिले होते. भाड्याचे पैसे चेकिंगमध्ये टाकले, अनामतीचे नंतर टाकू म्हटलं. त्यांनी दोन्ही चेक एकाच दिवशी भरले. खातं उणे झालं, बँकेने चेक वटवला आणि ओव्हरड्राफ्टचं, म्हणजे खात्यात नसलेले पैसे बँकेने भरल्याचं, शुल्क लावलं. त्याच क्षणी सेव्हिंग्जमध्ये माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार पडून होता. शिवाय खातं उघडताना ओव्हरड्राफ्ट हवा का, या प्रश्नाला मी स्पष्ट नाही म्हटलं होतं. मग हे शुल्क कसं?

कागद घेऊन पुन्हा बँकेत गेले. या वेळी भेटलेल्या गृहस्थांनी शांतपणे अर्धा तास दिला, आणि खरं शिक्षण तेव्हा झालं.

ओव्हरड्राफ्टला आधी संमती घ्यावी लागते, हा नियम २०१० पासून आहे. पण तो एटीएम आणि डेबिट कार्डाच्या एकेका खरेदीपुरताच. चेक आणि आपोआप कापली जाणारी बिलं त्यात येत नाहीत. तिथे वटवायचं की परत पाठवायचं हे बँक स्वतः ठरवते. माझी 'नाही' चेकला लागूच नव्हती.

महिन्याला सहा व्यवहारांच्या मर्यादेचं मूळ त्याहून जुनं. चेकिंगमधल्या ठेवींवर बँकांना ठराविक हिस्सा राखीव ठेवावा लागे, बचतीच्या ठेवींवर तशी सक्ती नव्हती. मग बचत नेमकं कशाला म्हणायचं, हे कुठेतरी ठरवणं भाग होतं. म्हणून फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, 'रेग्युलेशन डी' या नियमाने सेव्हिंग्जमधून महिन्याला ६ सोयीच्या व्यवहारांची मर्यादा घातली: ऑनलाइन पैसे वळवणं, आपोआप जाणारी बिलं वगैरे. एटीएममधून किंवा काउंटरवर जाऊन काढलेले पैसे त्यात मोजले जात नसत. मार्च २०२० मध्ये राखीव हिस्सा शून्यावर आला आणि एप्रिलमध्ये ही मर्यादाही उठली. पण उठली म्हणजे बँकांना उठवण्याची मुभा मिळाली, सक्ती नाही. माझ्या बँकेने ती स्वतःचा नियम म्हणून ठेवली होती. खातं उघडताना मिळालेल्या पुस्तिकेत ते छापलेलं होतं. उघडून देणाऱ्या बाईंनी तोंडाने एक वाक्य सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. नव्या देशात आलेला माणूस पहिल्या आठवड्यात पुस्तिका वाचत नाही.

त्यांनी आणखी एक दाखवलं, जे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या चेकिंग खात्याला मासिक शुल्क लागत होतं. पगार थेट त्यात जमा झाला असता, तर ते माफ होतं. म्हणजे व्याजाच्या आशेने पगार सेव्हिंग्जमध्ये घेऊन मी दर महिन्याला चेकिंगचं शुल्क भरत होते. आणि व्याज किती? वर्षाला ०.०१ टक्का. १०,००० डॉलर वर्षभर ठेवले तर १ डॉलर. भारतात बचतीवर मिळणाऱ्या दराची सवय असल्याने मी तो आकडा पाहायचीही तसदी घेतली नव्हती.

तिथे बसूनच पगाराचं खातं बदलायचा फॉर्म भरला. आता पगार, भाडं, बिलं, कार्ड, सगळं चेकिंगमधून. सेव्हिंग्ज चेकिंगला जोडून घेतलं, म्हणजे चेकिंग उणे व्हायला लागलं की तिकडून पैसे आपोआप येतात. अर्थात मर्यादा ठेवणाऱ्या बँकेत तेही सहापैकी एक धरलं जाऊ शकतं, हे विचारून घ्यावं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम बचतीकडे जाते, महिन्यातून एकदाच. काही महिन्यांनी ती बचत मी दुसऱ्या एका ऑनलाइन बँकेत हलवली, कारण तिथला दर कितीतरी पट जास्त होता. हलवण्याआधी फक्त एफडीआयसीचं, म्हणजे ठेवींच्या सरकारी विम्याचं, संरक्षण आहे ना, हे पाहिलं. ते एका बँकेत एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यांना मिळून २,५०,००० डॉलरपर्यंत असतं. चेकिंगचे वेगळे आणि सेव्हिंग्जचे वेगळे, असं नाही.

व्याज वाढलं तसा करही आला. वर्षाला १० डॉलर किंवा त्याहून जास्त व्याज झालं की बँक १०९९-आयएनटी नावाचा फॉर्म पाठवते. तो हाती आला तेव्हाच सीएंकडून कळलं की अनिवासी झाल्यावर भारतातलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. ते काम त्याच महिन्यात बाबांच्या मदतीने उरकलं.

दंडाचं म्हणाल, तर मी लेखी विनंती केली होती. ओव्हरड्राफ्टचं शुल्क पहिलीच वेळ म्हणून परत मिळालं. जास्त व्यवहारांचे दोन्ही दंड मिळाले नाहीत.