रेडिओ तायसो, पाचशे येन आणि माझी कंबर

गेले पंधरा दिवस कोल्हापुरात आहे, सुट्टी संपत आली, आणि रोज सकाळी रंकाळा तलावावर एकच वाद चाललाय, घाम आला नाही, अंग दुखलं नाही तर तो व्यायाम खरा का, म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू म्हणजे परत परत घसा कोरडा करायला नको.

आमच्या ग्रुपमधला एक गडी (नाव नको, घरी येऊन मारेल) प्लॅस्टिकचं जॅकेट घालून रंकाळ्याला फेऱ्या मारतो. घामानं निथळतोय, तोंड लालभडक, आणि वर आम्हालाच शहाणपण शिकवतोय, "घाम काढल्याशिवाय चरबी वितळत न्हाई भावा." आता हा स्वतः पोरवयात तालमीत होता! वजनाच्या गटात बसायला पोरं पाणी तोडून, घाम काढून किलो-दोन किलो कमी करायची आणि वजन झालं की तांब्याभर पाणी, मग दूध, मग जेवण, दुसऱ्या दिवशी काटा परत जागेवर, हे यानं डोळ्यांनी बघितलंय. लिटरभर घाम म्हणजे किलोभर पाणी, बस्स. घाम हा अंग गार ठेवायला असतो, चरबीचा त्याच्याशी काय संबंध. अमेरिकेत १९९७ साली कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन तोडताना गेले, त्यानंतर तिथं कॉलेज कुस्तीत हे रबरी सूट बंद केले. हे सांगितलं तर म्हणतो, "ते अमेरिकेतले." आणि जॅकेट काढून सरळ मिसळीच्या गाडीकडं.

पण त्याला हसायचा मला हक्क नाही. कारण मीही हीच समजूत सुटकेसमध्ये घालून जपानला नेली होती.

नागोयाच्या बाजूला एका फौंड्रीत मी सात वर्षं आहे. शिरोली एमआयडीसीत चार वर्षं काढली होती, त्यामुळं वाळू, धूर, वितळलेलं लोखंड यात नवीन काही नव्हतं. नवीन होता तो रेडिओ तायसो. सकाळी शिफ्ट चालू व्हायच्या आधी स्पीकरवर पियानो वाजतो आणि मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे रांगेत उभं राहून हात वर, हात खाली, कंबर वाकवा, जागेवर उड्या. तीन मिनिटं. मग टोप्या घालून कामाला. पहिल्या दिवशी मला वाटलं हा वॉर्मअप असेल, खरा व्यायाम नंतर असेल. नंतर काही नव्हतं.

माझं अर्धं लहानपण तालमीच्या हौद्यात गेलंय. आमच्या वस्तादांचा हिशेब सोपा होता, जोर मारताना खालच्या मातीवर घामाचा माणूस उमटला पाहिजे. आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबलं पाहिजे. नाही आंबलं तर कामचुकारपणा केलास. त्यामुळं त्या पियानोवर हात हलवताना मला लाज वाटायची, खरं सांगतो, वाटायचं गंगावेश तालमीतल्या कुणी हे बघितलं तर काय म्हणेल.

हे 'अंग आंबणं' पण मजेशीर आहे बघा. आपला शब्दच आंबट, त्यामुळं कुणीतरी म्हणालं की व्यायामानं स्नायूत लॅक्टिक ॲसिड साठतं आणि म्हणून दुखतं, की आपल्याला लगेच पटतं, दह्यासारखं आंबलं असणार! पण ते लॅक्टेट व्यायामानंतर तासाभरात उतरतं, उलट शरीर त्याचा जळण म्हणून वापर करतं. दुखणं येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तेव्हा कुठलं आलंय ॲसिड. ते दुखणं सवयीपेक्षा जास्त ताण पडल्यानं स्नायूच्या धाग्यांना जी बारीक इजा होते त्याचं असतं, आणि ती सगळ्यात जास्त होते स्नायू ताणला जात असताना जोर लावला की. म्हणून पन्हाळा-पावनखिंड ट्रेकला चढताना धाप लागते पण तिसऱ्या दिवशी जिन्यावरून रडत उतरायला लावतात ते उतार. आणि तोच उतार महिनाभर रोज उतरलात तर दुखायचं बंद होतं, मग काय फायदा बंद झाला का? दुखणं म्हणजे नवखेपणा, कमाई नव्हे. वस्तादांसमोर हे बोलायची माझी आजही हिंमत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर मूळ मुद्दा. कंपनीत जाऊन सहा महिने झाले आणि महिन्याच्या सेफ्टी मीटिंगला साहेबांनी विचारलं, कुणाला काही सुचवायचंय का. कुणीच बोलेना. मी उभा राहिलो. आपल्याकडं कसं, साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव, इकडनं मंजूर मंजूर, तिकडनं नामंजूर नामंजूर, माईक ओढाओढी. तेच रक्त. मोडक्या जपानीत खणखणीत आवाजात सांगितलं की रेडिओ तायसो हा म्हाताऱ्यांचा प्रकार आहे, यात घाम येत नाही, त्याऐवजी रोज प्रत्येकानं वीस बैठका माराव्यात, कंबरदुखी कायमची जाईल. आणि एक बैठक मारून दाखवली!

सगळ्यांनी माना डोलावल्या. "हाय, हाय, नारुहोदो." म्हणजे हो हो, असं होय. साहेब म्हणाले, "केन्तो शिमास." म्हणजे विचार करू. मी खूश. रात्री आईला फोन, "आई, माझी आयडिया पास झाली बघ." आईनं अंबाबाईला साखर ठेवली.

तीन आठवडे गेले, पियानो चालूच. शेवटी लाईनवरच्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं जेवताना हळूच सांगितलं, केन्तो शिमास म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' असतं. आणि माना डोलावणं म्हणजे 'ऐकतोय', 'पटलं' नव्हे. मग थोडं थांबून म्हणाला, तू ज्यांच्यासमोर बोललास त्यातले दोघं रोज सकाळी साडेसहाला घरी रेडिओ लावून हा व्यायाम करतात, लहानपणापासून. माझ्या पोटात खड्डा पडला. १९२८ पासून चालू आहे हा प्रकार तिथं, मूळ कल्पना अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या रेडिओ कार्यक्रमावरून घेतलेली, युद्धानंतर काही वर्षं बंद पडला आणि आत्ता जो चालतो तो १९५१ पासूनचा. शाळेतली पोरं उन्हाळी सुट्टीत कार्डावर शिक्के घेत करतात. अशा गोष्टीला मी म्हाताऱ्यांचा प्रकार म्हणालो होतो. इथं खासबागेच्या कुस्ती मैदानात उभं राहून कुणी परक्यानं कुस्तीला नाचगाणं म्हणावं तसं झालं.

आणि पुढच्याच हिवाळ्यात कंबर कुणाची धरली? बैठकावाल्या पैलवानाची.

काम असं होतं की वाळूच्या कोअरचे (ओतकामात आत पोकळी ठेवायला घालतात ते वाळूचे ठोकळे) ट्रे जमिनीवरच्या पॅलेटवरून, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवरून, उचलून लाईनवर ठेवायचे. ट्रे चौदा किलोचा. तिथल्या सरकारी सूचनेत पुरुषानं हातानं उचलायचं वजन स्वतःच्या वजनाच्या साधारण ४० टक्क्यांच्या आत ठेवा असं आहे, माझं वजन ७८, म्हणजे ३१ किलोपर्यंत चालेल, ट्रे त्याच्या निम्म्याहून कमी. वजनाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता शिफ्टमध्ये अडीचशे-तीनशे वेळा घोट्यापर्यंत वाकण्याचा. भिंतीवर पोस्टर होतं, गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. वेग पकडल्यावर कोण गुडघे वाकवतंय, दहाव्या ट्रेला सगळे कमरेतूनच. मी कमरेचा पट्टाही घेतला होता, जाड, रुबाबदार. नंतर कळलं की असल्या पट्ट्यानं धडधाकट कामगाराची कंबर वाचते याला पुरेसा पुरावा नाही असं अमेरिकेच्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं १९९४ मध्येच सांगून ठेवलंय. पैसे गेले.

कंबर धरल्यावर मी आपल्या पद्धतीनं गादीवर आडवा, आठ दिवस हलायचं नाही म्हणून. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिसऱ्या दिवशी उठवलं, म्हणाल्या पाय बधिर नाही, लघवीचा त्रास नाही, मग झेपेल तेवढं चाला, पडून राहिलात तर उलट लांबेल. चाललो. पंधरा दिवसात कामावर.

ते वाकणं थांबवायला एक उपाय सुचला, पण यावेळी मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. तिकडं एक शब्द आहे नेमावाशी, मूळचा माळीकामातला, मोठं झाड हलवायचं असेल तर आधीपासून त्याच्या मुळांभोवती खणून ठेवायचं, नाहीतर नवीन जागी झाड मरतं. ऐकलं आणि मला हसू आलं, कारण हे तर आपल्याला पाठ आहे! सभेत आरडाओरडा होतो तो वरवरचा, खरा ठराव आधी घरोघरी चहा पिऊन झालेला असतो. मी फक्त वरचा आरडाओरडा तेवढा शिकून गेलो होतो.

माझी आयडिया फुटकळ होती, भरलेल्या पॅलेटखाली रिकामी पॅलेट्स रचायची म्हणजे ट्रे कमरेच्या उंचीला येतील. आधी त्या म्हाताऱ्या सहकाऱ्याला विचारलं. मग नाईट शिफ्टवाल्याला, तो बुटका, म्हणाला तीन पॅलेट नको, दोन. मग फोर्कलिफ्टवाल्याला, त्यानं काहीच न बोलता मला गाडीवर बसवलं आणि दाखवलं की रिकाम्या पॅलेटची तोंडं आडवी पडली तर काटे आत जाणारच नाहीत. हे मला जन्मात सुचलं नसतं. मग मेंटेनन्सवाल्यानं म्हटलं लाकडी रचू नका, सरकतील, मी लोखंडी स्टँड वेल्ड करून देतो. तोवर ती आयडिया माझी किती उरली होती देव जाणे.

मग कागद भरला. एकच पान, डावीकडं 'आधी', उजवीकडं 'नंतर', दोन्हीकडं पेन्सिलनं चित्र काढायचं. माझं चित्रातलं माणूस बेडकासारखं दिसत होतं. मीटिंगमध्ये साहेबांनी कागद बघितला, चौघांकडं बघितलं, चौघांनी मान हलवली, आणि ही मान वेगळी होती हे मला तोवर ओळखू यायला लागलं होतं. दोन मिनिटं. बक्षीस पाचशे येन, लिफाफ्यात घालून, दोन्ही हातांनी. त्याची कॉफी पाजली फोर्कलिफ्टवाल्याला.

अशी सुचवायची पद्धत तिकडं भरपूर कारखान्यांत आहे, टोयोटानं १९५१ साली सुरू केली, तीही फोर्डमध्ये बघून आल्यावर. सगळं गोड आहे असं मात्र नाही हां. माझी दुसरी एक सूचना मुळं मोकळी करता करता आठ महिन्यांनी वाळून गेली, कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. तेव्हा आपली माईक ओढाओढी बरी वाटली, निदान निकाल तरी लागतो.

रेडिओ तायसो मी आता करतो. त्यानं कंबर घट्ट होत नाही, ताकदीसाठी मी संध्याकाळी बैठका मारतोच (आणि बैठकीत गुडघा चवड्याच्या पुढं गेला की खराब होतो, ही जिमवाल्यांची भीती निरोगी गुडघ्याला लागू नाही, पिढ्यान्पिढ्या पैलवान तसंच बसतात). पण थंडीत सकाळी सात वाजता ट्रे उचलायच्या आधी अंग मोकळं करायला ती तीन मिनिटं चांगली. इतकं साधं होतं ते.

रंकाळ्यावर दुसरा एक भिडू आहे, मोबाईलमध्ये ९,४०० पावलं झाली की घरात बायको ओरडत असताना गॅलरीत येरझाऱ्या घालून दहा हजार करतो. त्याला सांगितलं की हा आकडा डॉक्टरांचा नाही, १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं त्याचं नावच 'मानपोकेई', दहा हजार पावलांचं मीटर. २०१९ मध्ये सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात फायदा साडेसात हजारांच्या आसपासच स्थिरावला होता. तो म्हणाला, "मग तुझ्याच जपाननं फसवलं की मला." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

माझा चुलतभाऊ शिरोलीत फौंड्रीत आहे, त्याच्याकडंही कोअर जमिनीवरच. पॅलेटचं ऐकून परवा म्हणाला, "उद्याच मालकाला सांगतो." मी म्हटलं थांब. काल रात्री त्याचा फोन, मालकाला अजून काही बोललेला नाही. क्रेनवाल्या मामांबरोबर दोन चहा झालेत, आणि मामा म्हणालेत की दोन पॅलेट रचली तर क्रेनची साखळी तिथं आडवी येते.